ईर्ष्यावान देव

मराठी बायबलात दहा आज्ञा वाचताना वाचक एका शब्दाशी हमखास अडखळतो. मूर्ती करू नये, तिच्या पाया पडू नये, असे सांगून झाल्यावर परमेश्वर त्या आज्ञेचे कारण देतो, आणि ते देताना स्वतःला ‘ईर्ष्यावान’ म्हणवतो. देव दयाळू आहे, न्यायी आहे, प्रसंगी कोपिष्ट आहे, इथपर्यंत आपली समजूत सहज पोचते. कोपिष्ट देव आपल्याला परके नाहीत. घरोघरी होणारी सत्यनारायणाची कथा प्रसाद न घेणाऱ्यावर देव कसा रुष्ट झाला हेच सांगते. पण रुष्ट होणे निराळे आणि ईर्ष्या करणे निराळे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे सहा शत्रू आपण लहानपणीच पाठ केलेले असतात. यांतला सहावा शत्रू देवानेच आपले भूषण म्हणून मिरवावा, याचे मराठी मनाला नवल वाटते आणि पुष्कळदा रागही येतो.

हे नवल उथळ नाही, म्हणून आक्षेप आधी पुरत्या जोराने मांडला पाहिजे. तो दोन अंगांनी येतो. एक अंग तत्त्वाचे. ईर्ष्या त्यालाच होते ज्याला काही उणे आहे. जो पूर्णकाम आहे, त्याचे दुसऱ्या कोणाला नमस्कार केल्याने काय हरवते? गीतेच्या नवव्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतो की, श्रद्धेने अन्य देवतांना भजणारेही अखेर मलाच भजतात. ते भजन विधीला सोडून असते, एवढी पुस्ती तो जोडतो, पण त्यावरून कोणाचे तोंड पाहण्याचे टाकत नाही. दुसरे अंग नीतीचे. ईर्ष्येने पेटलेला नवरा कसा असतो हे सांगण्यासाठी ग्रंथांची गरज नाही. ते पुष्कळ घरांतल्या भिंतींना ठाऊक असते. त्या नवऱ्याची उपमा देवाला दिली तर देव मोठा होतो, की तो नवराच उगाच मोठा होतो? हा प्रश्न खरा आहे, आणि ज्यांना हा शब्द पूज्य आहे त्यांनीही तो टाळू नये.

मूळ शब्द हिब्रू आहे, ‘कन्ना’. हे विशेषण जुन्या करारात सहा वेळा येते आणि सहाही वेळा ते देवालाच लावलेले आहे, माणसाला एकदाही नाही. ज्या धातूपासून ते बनले त्या धातूची क्रियापदे आणि नामे मात्र माणसांसाठीही वापरली आहेत, आणि त्यांचा अर्थ कुठे मत्सर, कुठे पतीचा संशय, कुठे कैवार, तर कुठे पराकाष्ठेची कळकळ असा होतो. ग्रीक भाषेत या सगळ्याला ‘झेलॉस’ असा एकच शब्द आला. त्याच ग्रीक शब्दातून पुढे इंग्रजीत ‘झील’ म्हणजे आवेश आणि ‘जेलसी’ म्हणजे ईर्ष्या, अशा दोन शाखा फुटल्या. मराठी अनुवादकांपुढेही हाच पेच होता. येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलले तेव्हा शिष्यांना जे स्तोत्रवचन आठवले, तिथे ‘आवेश’ हा शब्द सहज बसतो. पौल करिंथकरांना आपल्या मनातली तळमळ सांगतो, तिथे ‘आस्था’ चालून जातो. दहा आज्ञांत मात्र ‘ईर्ष्या’च राहिली. मराठीत नवा करार १८११ साली विल्यम केरींच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाला. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून सगळे बायबल स्वतः मराठीत आणले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या मोठ्या उद्योगात शब्द निवडणाऱ्यांनी ‘आस्थावान’ असा गुळमुळीत शब्द घालून वेळ मारून नेली असती, तर वाचक अडखळला नसता. पण त्याला काही कळलेही नसते.

‘ईर्ष्या’ आणि ‘मत्सर’ हे शब्द आपण बोलताना सरमिसळ करतो, तरी आपल्या परंपरेने त्यांना एका दावणीला बांधलेले नाही. अमरकोश ईर्ष्येचा अर्थ अक्षांती, म्हणजे सहन न होणे, असा देतो. दुसऱ्याच्या गुणांतही दोष काढणे ही असूया, असे तो वेगळे सांगतो. शेजाऱ्याच्या अंगणातली रोषणाई पाहून पोटात दुखते तो मत्सर. जे आपले आहे ते आपल्यापासून दुरावताना पाहवत नाही, ती ईर्ष्या. मत्सराला दुसऱ्याचे हवे असते. ईर्ष्येला आपले जाऊ द्यायचे नसते. मत्सर प्रेमाशिवाय सुखाने नांदतो. ईर्ष्येचे तसे नाही. जिथे नातेच नाही, तिथे ती उगवत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट साहित्यशास्त्रात सापडते. विप्रलंभ शृंगाराचे प्रकार सांगताना शास्त्रकारांनी ‘मान’ हा एक प्रकार मानला आणि त्याचे प्रणयमान व ईर्ष्यामान असे दोन भेद केले. पती दुसरीकडे गुंतला आहे हे दिसल्याने, ऐकल्याने किंवा ताडल्याने नायिकेला येतो तो ईर्ष्यामान. म्हणजे ईर्ष्येला आपल्याकडे रसाच्या दरबारात मानाची जागा आहे, आणि तीही शृंगाराच्या पंक्तीत. मात्र हा ईर्ष्यामान स्त्रियांचा, अशी मेख ‘दशरूपक’ आणि ‘साहित्यदर्पण’ या दोन्ही ग्रंथांनी मारून ठेवली आहे. पहाटे परतलेल्या पतीच्या अंगावर दुसरीच्या सहवासाच्या खुणा पाहणारी खंडिता नायिका ही त्या मानाची मूर्ती. ती अबोला धरते, रडते, रागावते. तिच्या हाती सत्ता नसते. असते ते फक्त दुखावलेले प्रेम.

आता होशेय संदेष्ट्याचे पुस्तक उघडावे. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकातला हा संदेष्टा. त्याची बायको गोमर त्याला सोडून इतरांच्या मागे लागली. होशेयाने आपल्या घरच्या या दुःखात देवाचे दुःख वाचले: इस्राएल लोक बआल दैवतांच्या मागे गेले आहेत आणि परमेश्वर टाकलेल्या जोडीदारासारखा मागे उरला आहे. त्याच्या मुलांची नावेही ‘जिच्यावर दया नाही ती’ आणि ‘माझे लोक नव्हेत’ अशा अर्थाची आहेत. या पुस्तकात देव बसला आहे तो आपल्या शास्त्राने खंडितेसाठी राखून ठेवलेल्या जागेवर. ही उलथापालथ केवढी आहे ते ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या संतांनी भक्ताला पतिव्रतेची उपमा पुष्कळ वेळा दिली आणि ती गोडही आहे. पण तिथे निष्ठेचा भार भक्ताच्या डोक्यावर आणि देव आपल्या जागी अढळ. होशेयाचा देव अढळ नाही. तो दुखावला जातो. तो धमकावतो, शिक्षेची भाषा करतो, आणि दुसऱ्या अध्यायातली ती भाषा आज वाचताना अंगावर येते हे कबूल केले पाहिजे. पण तिसऱ्या अध्यायात होशेय पुन्हा त्या स्त्रीवर प्रेम करायला निघतो आणि तिला सोडवून आणण्यासाठी पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमर जव मोजतो. पुढे अकराव्या अध्यायात देव स्वतःशीच भांडतो आणि तुला मी कसा टाकू, असे म्हणून थबकतो. सूड न घेण्याचे जे कारण तो देतो ते फार विलक्षण आहे: मी देव आहे, माणूस नव्हे. माणसाची ईर्ष्या जिथे हात उगारते तिथे देवाची ईर्ष्या हात आवरते, असा याचा अर्थ होतो.

पंढरपूरच्या कथेशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. द्वारकेत राधेला श्रीकृष्णाच्या निकट पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधत देव आला आणि मग पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला. रुक्मिणीचे मंदिर आजही विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून वेगळे आहे. या कथेत ईर्ष्या देवीची आणि शोध देवाचा. होशेयाच्या पुस्तकात ईर्ष्याही देवाची आणि शोधही देवाचाच. रुसणारा आणि समजूत काढायला निघणारा एकच असावा, ही कल्पना आपल्याला नवी असेल, पण परकी वाटू नये. दोन्हीकडे देव वाट तुडवतोच.

एकनिष्ठेचा आग्रहही मराठीला नवा नाही. याच गोदाकाठी, पैठणात, तेराव्या शतकात चक्रधरस्वामी राहून गेले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानणाऱ्या महानुभाव पंथाने इतर देवतांची उपासना कटाक्षाने वर्ज्य केली. तरी त्या आग्रहाचा पाया ज्ञानाचा आहे: देवता नश्वर फळे देतात, मोक्ष एकटा परमेश्वर देतो, तेव्हा जाणत्याने दुसरीकडे जाऊ नये. बायबलातल्या आग्रहाचा पाया नात्याचा आहे. दहा आज्ञांचा आरंभच, मी तुला गुलामगिरीतून बाहेर काढले, या आठवणीने होतो. मराठीत ‘जुना करार’ म्हटले की खंडाचा नाहीतर मक्त्याचा कागद डोळ्यांपुढे येतो; मूळ कल्पनेत लग्नाच्या शपथेचाही अर्थ सामावलेला आहे. या अर्थाने पाहिले की ‘ईर्ष्यावान’ हा शब्द आज्ञेतला कठोर भाग राहत नाही. त्या आज्ञेत भावना कुठे दडली आहे, ते तोच दाखवतो.

मराठी ख्रिस्ती साहित्याने या भावनेचे काय केले, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे. फादर टॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांत त्याने जुन्या आणि नव्या कराराची कथा गुंफली, मराठीचे कौतुक केले, स्वर्गाला वैकुंठ म्हणायलाही तो कचरला नाही. भाषेच्या बाबतीत एवढा उदार असलेला हा कवी ज्या साष्टीत वावरला, तिथली देवळे १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने पाडलेली होती. देवाच्या ईर्ष्येचा कैवार राजसत्तेने घेतला की काय होते, याचा हा आपल्याच किनाऱ्यावरचा दाखला आहे. स्टीफन्सच्या ओव्यांचा गोडवा त्या पडझडीवर पांघरूण घालू शकत नाही. ती पडझडही ओव्यांना खोटे ठरवत नाही. दोन्ही सोबत ठेवूनच हे पुराण वाचले पाहिजे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वेगळी वाट धरली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंगाचा साज उचलला आणि ख्रिस्ताला ‘माउली’ म्हटले. वारकऱ्यांच्या जिव्हाळ्याशी ख्रिस्ताचे नाते जडले, हा केवढा तरी लाभ होता. पण माउलीला ईर्ष्या नसते. लेकरू कुठेही खेळले तरी ती त्याला कुशीत घेते. म्हणून टिळकांच्या भक्तिकवितेत वात्सल्य दाटून येते, पण होशेयाचा दुखावलेला देव तिथे क्वचितच भेटतो. मराठी मनाला जे रुचेल ते त्यांनी पुढे केले आणि जे टोचेल ते मागे ठेवले, असे म्हणावे लागते. कवीला तो अधिकार आहे. मात्र त्यामुळे एका मोठ्या भावनेला मराठी कवितेत घर मिळायचे राहिले.

ते घर मिळाले गद्यात, आणि ज्या ग्रंथात कोणी शोधणार नाही अशा ग्रंथात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाली. आपण हे पुस्तक त्यातल्या विनोदासाठी आणि निर्मळ भाषेसाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या गाभ्यात एक प्रश्न आहे: नवऱ्याने देव बदलला तर बायकोने काय करावे? टिळक गेले ते दुसऱ्या स्त्रीकडे गेले नव्हते, दुसऱ्या देवाकडे गेले होते. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंचे दुःख मात्र खंडितेचेच आहे. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्याआधी नगरला टिळकांजवळ येऊनही त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला होता, आणि टिळकांनी तो ठेवू दिला. टिळक तापट होते, लहरी होते, संसाराला निरुपयोगी म्हणावे इतके उधळे होते. लक्ष्मीबाई यातले काहीच झाकत नाहीत. तरी त्या दोघांनी परस्परांना सोडले नाही, आणि ओढूनही नेले नाही. ईर्ष्या आणि मोकळीक एका घरात कशा राहू शकतात, ते या पुस्तकात दिसते. ईश्वरी ईर्ष्येवरचे मराठीतले उत्तम भाष्य मला इथे आढळते, आणि ते करताना बाईंनी ईश्वरी ईर्ष्येचे नावही घेतलेले नाही.

सगळ्याच घरांचा शेवट असा झाला नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच वाटेवर होता. घरच्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा परत मिळवला. मग त्याला जातीत घ्यावे की नाही यावर वादळ उठले आणि त्याच्या शुद्धीच्या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. या प्रकरणात ईर्ष्या कोणाची म्हणावी? मिशनऱ्यांचा देव त्या मुलावर हक्क सांगत होता, आईबापही सांगत होते, आणि आईबापांच्या हक्कात प्रेमाखेरीज दुसरे काय होते? पोटच्या पोरासाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्या बापाला कोणी मत्सरी म्हणणार नाही. त्याला जातीत घेण्याचे नाकारणाऱ्यांच्या मनात मात्र प्रेमापेक्षा हद्दीची राखण अधिक होती. तोच नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलखात जालन्याला आला आणि तिथे त्याने ‘बेथेल’ म्हणजे ‘देवाचे घर’ या नावाची वसाहत उभी केली. जालना १९८१ पर्यंत आपल्या औरंगाबाद जिल्ह्यातच होते. एका घरातून तुटलेल्या माणसाने इतरांसाठी घर बांधावे आणि त्याला देवाचे घर म्हणावे, यात समाधान आहे आणि वेदनाही आहे. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याने यातले एक घेऊन दुसरे टाकू नये.

म्हणून कसोटी हवी, आणि ती बायबलातच आहे. बायबल या बाबतीत एकसुरी नाही. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात संशयी नवऱ्यासाठी एक विधी सांगितला आहे: बायकोला कडू पाणी पाजून तिची परीक्षा घ्यायची. नवऱ्याच्या परीक्षेसाठी तसे पाणी नाही. त्याच पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात फिनहास नावाचा याजक देवाच्या ईर्ष्येने पेटून भाल्याने दोघांचा जीव घेतो आणि त्याची वाहवा होते. हे उतारे पुस्तकात आहेत. ते नाहीत असे मानून श्रद्धेचे रक्षण होत नाही. पण त्याच बायबलात एलीया संदेष्टा आहे. परमेश्वरासाठी मी फार ईर्ष्यायुक्त झालो आहे, अशी ग्वाही देत तो डोंगरावर येतो. सोसाट्याचा वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो. या तिन्हींत देव नसतो. मग एक मंद, शांत स्वर येतो. ईर्ष्येने तापलेल्या भक्ताला देव ज्या आवाजात भेटला, तो आवाज फिनहासच्या भाल्याचा नव्हता.

पौलाच्या पत्रांत तर हा प्रश्न शब्दावरच येऊन ठेपतो. प्रीती हेवा करीत नाही, असे तो करिंथकरांना पहिल्या पत्रात सांगतो, आणि दुसऱ्या पत्रात आपल्याला त्यांच्याविषयी ईश्वरी ईर्ष्या वाटते असे लिहितो. दोन्हीकडे ग्रीक धातू एकच आहे. ही विसंगती वाटेल, पण ती नाही. कोणा‘चा’ हेवा आणि कोणा‘साठी’ ईर्ष्या, या दोन विभक्तींत सगळा फरक आहे. योएल आणि जखऱ्या या संदेष्ट्यांच्या पुस्तकांत देवाची ईर्ष्या आपल्या देशासाठी, सियोनेसाठी पेटते. आणि ती पेटल्यावर घडते काय, तर भुकेल्यांना धान्य मिळते, उजाड गावात म्हातारीकोतारी माणसे पुन्हा बसू लागतात, रस्ते खेळणाऱ्या मुलांनी भरून जातात. ईर्ष्येचे असे फळ कोणाला नको आहे? जी ईर्ष्या स्वतः किंमत मोजते, ती प्रेमाची. जी दुसऱ्याला किंमत मोजायला लावते, ती अहंकाराची, मग ती कितीही मोठ्या नावाने येवो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवाने ही किंमत क्रुसावर मोजली. त्या श्रद्धेत नसलेल्या वाचकालाही एवढे दिसावे की, क्रुसावर खिळलेला देव कोणाला कडू पाणी पाजत नाही. तो स्वतः पितो.

घरातल्या मंडळींसाठी हीच गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या कथेत सोपी करून सांगितली आहे. धाकटा मुलगा वाटणी उधळून परत येतो. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावत सुटतो. थोरला मुलगा दाराबाहेर फुरंगटून उभा राहतो, कारण धाकट्याला मेजवानी आणि आपल्याला करडूही नाही. थोरल्याच्या मनात आहे तो मत्सर. बापाच्या मनात आहे ती दुरावलेले पोर सहन न होणारी अक्षांती. विशेष असे की, हा बाप थोरल्यासाठीही बाहेर येतो आणि त्याची मनधरणी करतो. एकाच अंगणात दोन्ही भावना शेजारी उभ्या आहेत, आणि कोणती कोणाची हे लहान मुलालाही ओळखता येईल.

तेव्हा ‘ईर्ष्यावान’ हा शब्द बदलावा का? माझ्या मते बदलू नये. त्याच्या जागी सौम्य शब्द आला तर देव सज्जन दिसेल, पण परका दिसेल. माझे कोणी कुठेही गेले तरी माझे काही जात नाही, असे म्हणणाऱ्या माणसासारखा. शब्द ठेवावा आणि वाचताना षड्रिपूंची यादी बाजूला सारून खंडितेची आठवण ठेवावी. गीतेतला सर्वांचे भजन स्वीकारणारा देव आणि दहा आज्ञांतला एकनिष्ठा मागणारा देव यांच्यातले अंतर एवढ्याने मिटत नाही, आणि ते मिटले असा आव आणण्याची गरजही नाही. तरी हेही विसरू नये की, तीच गीता अखेरच्या अध्यायात सगळे सोडून एकालाच शरण ये, असे सांगते. उदार देवालाही शेवटी ‘माझ्याकडे ये’ असे म्हणावेसे वाटलेच.